जिभेखालची नावं

बर्फाच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो,
किती लाद्या गेल्या, कुठल्या होडीची उधारी.
त्याच वहीत, मागच्या पानापासून उलटा,
क्लबच्या चौदा वर्षांखालच्या पोरांचा हिशेब आहे:
नाव, वाडी, बुटाचा नंबर.

जन्मतारखा बावतीस सरांकडे.
मला वय पायावरून कळतं.
मुजम्मिल सोलकर, जूनमध्ये चार, दिवाळीला साडेपाच.
"काका, आंगठो लागता," म्हणाला,
आणि मी मालकांकडे उचल मागायला गेलो.
कशाला, ते सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असतं.

मोठ्या संघाला अख्खं वेंगुर्ला आहे.
त्यांच्या फायनलला फटाके, आमदारांची ढाल,
रापण तशीच टाकून आलेली माणसं,
आणि पुढे दोन दिवस मासळीबाजारात
रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार.
आमच्या पोरांना सकाळी सहाला
सर, मी,
आणि बांधावर रवंथ करणारी एक म्हैस.

मैदान एका बाजूने खाडीकडे उतरतं.
नव्या पोराचा पास हमखास चिखलात.
दर्पणा केळुसकर मात्र उतार धरून मारते:
चेंडू आधी चुकतो,
मग काहीतरी आठवल्यासारखा वळतो
आणि बरोबर धावत्या पायाशी येतो.
सर काही बोलत नाहीत. शिट्टी ओठातच राहते.
मी बिलाच्या पाठीवर लिहितो: दर्पणा, तीन.

नवे बूट कमीच येतात.
एक काळा जोड आहे,
डाव्या टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
त्याची जीभ उचलून बघा,
खाली बॉलपेनने नावं, एकाखाली एक:
निखिलेश खोबरेकर. इनास. गजा मोठा. गजा धाकटा. लौकिक.
नियम एकच, आधीचं नाव खोडायचं नाही.

निखिलेश आता ट्रॉलरवर असतो.
लादी घ्यायला येतो तेव्हा गुडघा अजून करकरतो.
गजा मोठा कुडाळात मोबाइल दुरुस्त करतो.
दोघांना पेपराने एकदा होतकरू म्हटलं होतं,
चौथ्या पानावर, पाणीटंचाईच्या बातमीखाली.
तो शब्द मी जपून वापरतो.
होतकरू म्हणजे बर्फ.
वेळेत पोचला तर पोचला,
नाहीतर आमच्या वहीत
'वितळ' नावाचा रकाना आहेच.

इनासला म्हापशाच्या अकॅडमीने उचललं.
खतरीनबायने सरांना ओल्या काजूंचा डबा दिला.
मी गाडीत बॅग चढवली.
महिन्याभराने रजा टाकून गेलो बघायला.
मॅच ऐंशी मिनिटांची, तो अकरा मिनिटं होता.
चेंडू पायाला लागला चार वेळा.
तिथलं मैदान कॅरमसारखं सपाट,
आणि त्याचा पाय अजून खाडीचा उतार धरून मारणारा.
एक पास सरळ रेषेबाहेर गेला.
लोक हसले. मला तो पास कळला.
आमच्याकडे असता तर वळला असता.
फाटकाशी भेटला. "बघलास मा, काका?"
"बघलंय," म्हटलं.
परतीच्या गाडीत आरोंद्यापर्यंत उभा होतो,
पायांना काही जाणवलं नाही.

आज लौकिकचे पाय वाढले.
काळा जोड दर्पणाकडे आला.
पुढे वर्तमानपत्राचे बोळे घातले, नाडी दोनदा फिरवली.
"वायच सैल आसत."
"आसू देत."
तिने पेन मागितलं. डावी जीभ उचलली.
तिथे जागाच नव्हती,
लौकिकचा 'क' सुद्धा शिवणीवर चढलेला.
मग उजवी उचलली. इतकी वर्षं
कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं,
उजवी सगळी कोरी.

ती लिहीत होती, जीभ दातांत धरून,
तेवढ्यात मालकांची हाक आली,
"लाद्या किती गेल्या रे?"
मी म्हटलं, "तीन.
पण लवकरच साडेतीन होतील."